सारवलेलं पेव

सकवारबाईंचं पहिलं मूल पुळियेरीच्या शेतात, बांधावरच्या करंजाखाली पुरलेलं आहे, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. जिन्याच्या पायरीवर बसून घेवडा निवडताना, आज घेवडा कोवळा मिळाला हे ज्या सुरात सांगावं त्याच सुरात त्या सांगत, "माझा नरहरी तेथें आहे. त्याकरितां जातें."

दर शुक्रवारी त्या जात. वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीतून चालत टी. नगरच्या बसस्टँडपर्यंत, तिथून शोळिंगनल्लूरची बस. काचेच्या इमारती लागल्या की त्यांतल्या एकीकडे त्या खिडकीतून बघून घेत. तिथे त्यांचा दुसरा मुलगा हरिप्रसाद कामाला होता. पुढे शेअर ऑटो, मग मातीची वाट. पुळियेरी अजून गाव म्हणण्याइतकं उरलं होतं. एक तळं, तळ्याखाली भाताची शेतं, आणि वर जांभ्याचा तांबडा माळ. त्या माळावरची दोन एकर जमीन त्यांच्या सासऱ्यांची. नवरा सुब्बाराव नुंगंबाक्कमच्या एका सरकारी कचेरीत जन्मभर कारकून होता. त्याला शेतीतलं काही कळत नव्हतं आणि तो गेल्यावर तर कळणारं घरात कुणी उरलंच नाही. जमीन नवीन कसायचा. चाळिशीचा, बोलका, पुळियेरीतलाच माणूस. सकवारबाई तिथे जाऊन काय करत, असं विचारलं तर नवीन म्हणायचा, "माझ्या चुका काढतात."

खाली त्या राहत, वर आम्ही. माझे वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आलेले. इमारतीत मराठी घरं दोनच, आणि तीही एकमेकांना पुरती कळत नसत. त्यांचे पूर्वज तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली होती. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. माझी आई 'कुठे गं' म्हणायची, त्या 'कोठें गे' म्हणत. एकदा त्या सोलापूरला कुणाच्या लग्नाला गेल्या असताना रिक्षावाला म्हणाला, मावशी, मद्रासी असून मराठी बरं बोलता तुम्ही. हे त्या स्वतःच सांगत, आणि वर म्हणत, "मी म्हटलें, तूंही बरें बोलतोस, पा."

नरहरी गेला तो लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. पोंगल झाला होता, कापणीसाठी सगळं घर पुळियेरीला आलं होतं. बाळाला ताप भरला. बैलगाडी तळ्यापर्यंत पोचेतो संपलं. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, मातीत देतात, आणि आईने तिथे जायचं नसतं. सासरे आणि नवरा गेले. दुसऱ्या दिवशी सासूने मागच्या दारातून बोट दाखवलं: करंजाखाली, बांधाच्या अंगाला. तिथे दगड उभा करायचा नाही, दिवा लावायचा नाही, जाऊन रडायचं नाही. नाहीतर जीव अडकून राहतो. सकवारबाईंनी यातलं काहीच कधी केलं नाही. नवीनशी वाद घालत त्या करंजावरून पलीकडे जात आणि वाद घालतच परत येत. नेमकी जागा मात्र त्यांना कळली नाही. करंज वाढला, बांध फुटला, पुन्हा घातला. "सासूबाईंनीं बोट दाखविलें तें लांबून," त्या म्हणत. "बोटाच्या पुढें केवढी तरी जमीन असते गे."

त्याच माळावर पेवं होती. जांभ्यात खणलेली, तोंडाशी निरुंद, आत पोट फुगीर, माणूस उभा राहील इतकी खोल. ती कुणी खणली हे कुणाला ठाऊक नव्हतं. सासरे म्हणत, आपण येण्याआधीच्यांनी, आणि त्यांच्याही कितीतरी आधीच्यांनी. त्यांच्या घराला माहीत असलेली दोन. एक ढासळून गेलेलं. दुसऱ्यात घरचं भात पिढ्यान्‌पिढ्या साठवलं जात होतं. भरण्याआधी घरच्या सुनेने आत उतरायचं, कोपरान्‌कोपरा झाडायचा, शेणाने आणि राखेने सारवायचं, वर येऊन तोंडाभोवती पिठाच्या रांगोळीचा कोलम काढायचा. मग दाणे. पेव म्हणजे घरातली एक खोली. जमिनीखाली आहे म्हणून तिला झाडायचं नाही असं नव्हतं. सकवारबाई नवी सून असल्यापासून ते करत आल्या होत्या. भात साठवणं थांबलं, तरी वर्षातून एकदा त्या पेव सारवत.

तिसरं पेव मागच्या वर्षी सापडलं. नवीनच्या ट्रॅक्टरचं चाक माळावर एका जागी खचलं. माती बाजूला केली तेव्हा खाली एक गोल दगडी झाकण दिसलं, कडेला चिरलेलं. आत अंधार होता.

आणि त्याच सुमारास रस्ता आला. म्हणजे आधी नुसते पिवळे रंगवलेले दगड आले, माळावरून एका रेषेत गेलेले. जोडरस्ता होणार होता. रेषा पेवांवरून जात होती आणि करंजावरूनही.

हरिप्रसाद समजूत घालायला बसला त्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. "सगळ्यांचीच जमीन जातेय, अम्मा. आपली तर थोडीशी. आणि रस्ता झाला तर मलाच सोपं होणार. रोजचा तो ट्रॅफिक..."

"हो. तूं जा त्यावरून," सकवारबाई म्हणाल्या. "तुझ्या अण्णावरून जाशील."

हरिप्रसाद आपल्या मोबाइलकडे बघत राहिला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने या थोरल्या भावाला, अण्णाला, कधी पाहिलं नव्हतं, एवढंच.

चारुलताला मी आणलं. ती मूळची नगरची, चेन्नईतल्या एका संस्थेत पुरातत्त्वाचं काम करायची. आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आली होती. पेवाचं सांगितलं तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी वेस्ट मांबलमला आली.

"आजी, ते पेव पाहता येईल का?"

"आजी कोण गे? माझ्या लेकाचें अजून लग्न नाहीं. नातवंड नसतां तूं मला आजी केलीस. मावशी म्हण."

"बरं, मावशी."

"आणीक 'पाहता येईल का' काय? सरकारची होईतों जमीन माझीच आहे. ये."

पुळियेरीला चारुलता त्या तिसऱ्या पेवात उतरली नाही. पोटावर पडून तिने आत विजेरी सोडली, कॅमेरा सोडला, आणि कितीतरी वेळ तशीच पडून राहिली. नवीन मला हळूच म्हणाला, "झोपल्या का मॅडम?" उठली तेव्हा तिच्या केसांत, गालावर तांबडी माती होती. तोंडाशी पडलेला एक खापराचा तुकडा तिने तळहातावर घेतला. आतून काळा, बाहेरून लाल.

"हे तीन हजार वर्षांपूर्वीचं असेल, मावशी. कदाचित जास्त. असं शाबूत पेव मी या बाजूला पाहिलेलं नाही. आतली माती कुणी हलवलेली नाही."

"रस्ता थांबेल?"

चारुलता लगेच हो म्हणाली नाही. ते मला आवडलं. "थांबेलच असं नाही सांगत. पण तळाशी जे आहे ते थराथराने सोडवून काढता आलं, आणि ते इथेच, याच जागी होतं असं दाखवता आलं, तर रस्ता वळवायला लावता येईल. एके ठिकाणी तसं झालंय."

"वळविला तर किती सुटेल?"

"हा सगळा माळ."

"तो करंज?"

"करंज माळावरच आहे ना? मग तोही."

सकवारबाईंनी पुढे काही विचारलं नाही.

"पुढच्या शुक्रवारी मी दोन अधिकाऱ्यांना घेऊन येते," चारुलता म्हणाली. "तोवर कशालाही हात लावायचा नाही. जसं आहे तसं राहू दे. मातीच महत्त्वाची आहे. कळलं ना?"

"कळलें गे. माती."

त्यांना ते खरोखर कळलं होतं. गुरुवारी, म्हणजे अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी, त्या झाडू घेऊन पुळियेरीला गेल्या तेव्हाही त्या काही विसरल्या नव्हत्या. पुढचं सगळं मला नवीनने सांगितलं, आणि काही त्यांनी स्वतः, फार नंतर.

तोंडाभोवतालचं झाडावं, पाणी शिंपडून कोलम काढावा, एवढाच विचार होता. परकी माणसं घरी येणार. पण आत डोकावल्यावर सापाची कात दिसली, कोळ्यांची जाळी दिसली, आणि झाकण हललं तेव्हापासून वाऱ्याने आत गेलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसल्या.

"वरवरचें तेवढें काढतें," त्या म्हणाल्या.

"अम्मा, मॅडमनी हात लावू नका सांगितलंय."

"हात कोण लावतो? झाडू लावतें."

"अम्मा."

"कलेक्टर हापिसांतले लोक येतील. डोकावून बघतील आणि म्हणतील, ह्या घरच्या बायकांस पेव राखतां येत नाहीं. तुझ्या घरीं तसें म्हटलें तर चालेल?"

नवीनने दोरीला कंदील बांधून आत सोडला. पेवात उतरण्याआधी तसं करतात. आत वाईट हवा साठलेली असली तर ज्योत विझते. ज्योत जळत राहिली. त्याने शिडी लावली. अडुसष्ट वर्षांची ती बाई पदर खोचून उतरली.

कात निघाली, पिशव्या निघाल्या. मग त्यांखालची धूळ. धुळीखाली धूळच होती, आणि झाडूला थांबायची जागा मिळेना. अर्धी जमीन झाडून अर्धी तशीच ठेवायची, हे त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. टोपली भरायची, नवीनने ओढायची, बांधाकडे नेऊन रिकामी करायची. खापरं गेली, राख गेली, काळे पडलेले दाणे गेले. नवीन म्हणाला की त्याने पुन्हा एकदा सांगून बघितलं होतं, पण खालून फक्त झाडूचा आवाज येत होता.

भिंतीच्या कडेला झाडू मडक्यावर लागला.

ते कमरेपर्यंत जमिनीत होतं. तोंडावर एक वाडगा पालथा घातलेला, कडा मातीने लिंपलेल्या. सकवारबाईंनी वाडगा काढला. आत बारीक, पिवळट हाडं होती, काही तर काड्यांसारखी, आणि कवटीचे पातळ तुकडे एकात एक पडलेले. त्यांनी त्यांतून खालचा जबडा उचलला. तो त्यांच्या करंगळीएवढाही लांब नव्हता. त्यांनी तो कंदिलाशी धरला आणि कडेवरून बोट फिरवलं.

"काय आहे, अम्मा?" नवीनने वरून विचारलं.

"दात आले नाहींत ह्याला."

नवीन गुडघ्यांवर बसून आत वाकला. त्याला दिसलं. "हेच हवंय त्यांना," तो म्हणाला. "तिथेच ठेवा. हलवू नका. मी मॅडमना फोन करतो."

"ठेवतें," त्या म्हणाल्या. पण त्यांनी जबडा मडक्यात ठेवला, वाडगा वर घातला आणि मडक्याभोवतीची माती हातांनी मोकळी करायला लागल्या. उद्या इथे बुटांतली माणसं उतरतील आणि हे वर काढतील. त्याआधी आपण काढायचं. एवढंच त्या वेळी मनात होतं, असं त्या मला म्हणाल्या. पेव तर राहीलच; त्याच्या भिंती आहेत, तोंडाचा दगड आहे, बाहेर खापरं आहेत. तेवढ्यावर रस्ता वळेल असं त्यांनी स्वतःला सांगितलं. "मला ठाऊक होतें कीं वळणार नाहीं," हेही त्या म्हणाल्या. "दोन्ही ठाऊक होतें."

मडकं पदरात घेऊन त्या शिडी चढल्या. दात न आलेलं लेकरू कुठे द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नवीन कुदळ घेऊन त्यांच्यामागून करंजाखाली गेला. पहिला घाव घातला तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"कुदळ नको. येथें तो असेल."

मग दोघांनी हातांनी उकरलं. करंजाची मुळं मध्ये येत होती. प्रत्येक मुळाला बोट लागलं की सकवारबाई थांबत, माती फुंकून बघत, आणि पुन्हा उकरायला लागत. नवीन म्हणाला, एवढ्या वेळात त्यांनी त्याची एकही चूक काढली नाही. मडकं ठेवून माती लोटली. वर पाला पसरला.

त्यानंतर त्या परत गेल्या आणि पेव सारवलं. मडक्याचा खळगा बुजवायला हवा होता. पण तेवढा बुजवून त्या थांबल्या नाहीत. भिंतींना हात पोचतील तिथवर शेणाचा हात फिरवला, तळ गुळगुळीत केला, आणि वर येऊन तोंडाभोवती तांदळाच्या पिठाचा कोलम काढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा पहिला तो कोलमच दिसला. तांबड्या मातीवर पांढरा, ठिपके सारखे, रेघ कुठे तुटलेली नाही. अधिकाऱ्यांपैकी एकजण तमिळमध्ये म्हणाला, "छान केलंय हो, अम्मा," आणि त्याने फोटो काढला. चारुलता वाकली. तिने आत विजेरी मारली. मी तिच्यामागे उभी होते. शेणाचा ओला वास वर येत होता. ती बराच वेळ उठली नाही, पण या वेळी नवीनने काही विनोद केला नाही.

"मावशी, हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून."

चारुलता उठली. बांधाकडे टाकलेल्या ढिगाऱ्याशी जाऊन तिने चाळणी काढली आणि दुपारपर्यंत माती चाळली. काळे दाणे मिळाले, खापरं मिळाली, एक शंखाचा मणी मिळाला. प्लॅस्टिकची पिशवी मिळाली, तीही तिने बाजूला ठेवली. अधिकारी गाडीत जाऊन बसले. त्यांतला दुसरा मला म्हणाला, "हे दाणे कुठूनही आलेले असू शकतात. उद्या कुणी म्हणेल, मागच्या वर्षीचे आहेत. आम्ही काय उत्तर देणार?"

सकवारबाई करंजाखाली बसल्या होत्या. तिथे बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. चारुलता हात धुऊन त्यांच्याजवळ जाऊन बसली, मीही बसले. नवीन थोडा लांब उभा होता.

"मी रागावलेली नाही," चारुलता म्हणाली. रागावलेली ती होतीच. "एक विचारते. अशा पेवांत कधीकधी लहान मुलं पुरलेली असतात. मडक्यात ठेवून. तसं काही होतं का? हलवलं असेल तरी चालेल. मडकं असेल, हाडं असतील, नवीनने ते बघितलं असेल, तर त्यावर मी भांडू शकते. मुलाचं दफन असलेल्या जागेवरून रस्ता नेणं त्यांना इतकं सोपं नाही. अजूनही वेळ गेलेली नाही, मावशी."

सकवारबाई पाल्यातलं एक पान उचलून त्याच्या शिरा बघत होत्या. "सांपडलें तर त्याचें काय करतां?"

"नीट नेतो. कापसात ठेवून, पेटीत. नंबर घालतो. आमच्याकडे त्यासाठी खोली आहे."

"मग?"

"मग अभ्यास होतो. मूल कसं गेलं, काय खात होतं त्याची आई, सगळं कळतं. थोडंसं हाड दळून तपासायला पाठवावं लागतं, किती जुनं ते समजायला."

"दळून."

"अगदी थोडं."

वारा नव्हता. तळ्याच्या बाजूने पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता. सकवारबाईंनी पान खाली ठेवलं आणि त्यावर तळवा ठेवला, उठताना आधाराला ठेवावा तसा. पण त्या उठल्या नाहीत.

"कांहीं नव्हतें," त्या म्हणाल्या. "धूळ होती."

चारुलताने नवीनकडे बघितलं.

"मी वर होतो," नवीन म्हणाला.

त्या दिवशी मला वाटलं, त्यांना लाज वाटते आहे. गाडीत मी चारुलताला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "लाजेनं एवढं झाडत नाही कुणी." पण तिलाही पुढचं काही सुचलं नसावं.

तिने जे जमलं ते केलं. दाण्यांची तपासणी करवली, कचेऱ्यांत खेटे घातले, कितीदा तरी हरिप्रसादला बरोबर घेऊन. उत्तर आलं की जागेवर मूळ स्थितीतला कोणताही अवशेष आढळला नाही. रेषा जिथे होती तिथेच राहिली.

हरिप्रसादला नवीननेच सांगितलं. मडक्याचं पोटात ठेवून ठेवून त्याला अन्न गोड लागेना, असं तो म्हणाला. मी त्या संध्याकाळी आईचा डबा परत घ्यायला खाली गेले होते. हरिप्रसाद ऑफिसची बॅग खांद्यावरून न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"अम्मा, नवीन म्हणतो ते खरं?"

"कॉफी घे."

"खरं का, तेवढं सांग."

"खरें."

"एक शब्द बोलली असतीस तर अण्णा राहिला असता तिथे."

"हो."

"हो काय? तुझ्यासाठी मी इतके महिने त्या कचेरीत... आता मला सांगतेस हो?"

सकवारबाई दोन भांड्यांतून कॉफी वरखाली ओतत होत्या. फेस आला तरी ओतत राहिल्या. "तोंडापर्यंत आलें होतें रे. दळतों म्हणाली, तेव्हां आंत गेलें." भांडं त्यांनी ओट्यावर ठेवलं. "आतां रोज वाटतें, बोलायला हवें होतें. रोज सकाळीं वाटतें. उद्यां ती पुन्हां येऊन बसली, तर पुन्हां बोलणार नाहीं."

हरिप्रसादने बॅग खाली ठेवली. बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "मग आपण काढू. दोघांनाही. मी रजा घेतो. तिरुवान्मियूरला समुद्राला देऊ."

"कोणास काढशील? मडक्यांतलें सांपडेल. त्याला बाजूला ठेवून मग ह्याला शोधशील? मडकें एव्हाना फुटलें असेल, मुळें शिरलीं असतील. तीं हाडें सारखींच असतात, हरी. तुझ्या अण्णाचें म्हणून दुसरेंच उचलून आणशील."

त्याने कॉफी घेतली. मी डबा तिथेच विसरून वर आले.

करंज तोडला त्या दिवशी सकवारबाई गेल्या नाहीत. पण भराव टाकायचा होता त्या दिवशी गेल्या, आणि मला म्हणाल्या, तूं ये. तिथल्या इंजिनिअरला त्यांनी आधीच गाठून विचारलं होतं की खणणार का. माळ त्या बाजूला उतरता होता. खणायचं नव्हतं, उलट मुरुमाचा भराव घालून वर आणायचं होतं. हे कळल्यापासून त्या जरा जेवू लागल्या होत्या. पेवं आधीच वाळूने भरली होती. कोलम कधीच पुसला गेला होता.

ट्रक एकामागून एक येत होते. करंजाचा बुंधा जमिनीसरशी कापलेला, त्याच्या बाजूला सकवारबाईंनी आणि नवीनने काटेरी फांद्या रचून वर दगड ठेवले होते. लेकरू मातीत दिल्यावर तसं करतात. तरी मागच्या दोन शुक्रवारी कुत्र्यांनी फांद्या ओढलेल्या दिसल्या होत्या. तिथून बांधाच्या बाजूने उकरल्याच्या खुणा होत्या. नवीनने मोठे दगड आणून टाकले. आता एका मजुराने ते दगड आणि काटे पायाने बाजूला सारले आणि पहिला ट्रक तिथे ओतला गेला. धूळ बसेपर्यंत काही दिसलं नाही. नंतर दिसला तो फक्त मुरुमाचा ढीग होता.

ढीग पसरला. रोलर आला. रोलरचा ड्रायव्हर तरुण होता, डोक्याला ओला टॉवेल बांधलेला. सकवारबाई छत्री घेऊन इतक्या पुढे गेल्या की त्याला थांबावं लागलं.

"अम्मा, लांब व्हा. वेडीबिडी आहात का?"

"हें येथें नीट दाब, पा," त्या त्याला तमिळमध्ये म्हणाल्या. छत्रीच्या टोकाने त्यांनी जागा दाखवली, आणि मग टोक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे नेलं. "येथून येथपर्यंत. दोनदां फिरव."

"इथेच का?"

"सैल माती कुत्रीं उकरतात."

तो हसला. "यावर डांबर येणार, अम्मा. कुत्रं काय उकरतंय?"

"तरी."

त्याने माझ्याकडे बघितलं. सकवारबाई छत्री मिटून दोन पावलं मागे झाल्या. त्याने रोलर त्या जागेवरून पुढे नेला, मग मागे घेतला, आणि पुन्हा तिथूनच आणला.